झिप की रार? लग्नाचे फोटो जपताना

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या घरात, त्यात वीज गेली की कॉपी अर्धवट. सीताबर्डीच्या आमच्या स्टुडिओचं हे जुनं दुखणं.

झिप आणि रार म्हणजे अनेक फाइली दाबून एकाच फाइलीत बांधायचे दोन प्रकार. धरमपेठेतल्या गिऱ्हाईकाला अल्बम पाठवायचा तर झिपच. १९८९ पासूनचा प्रकार, विंडोज असो वा मोबाइल, कुठंही उघडतो. पण झिपमधला सीआरसी-३२ हा तपासणीचा आकडा फक्त ‘फाइल बिघडली’ एवढंच सांगतो. डॉक्टरनं ताप मोजून निघून जावं, तसं.

रारमध्ये ‘रिकव्हरी रेकॉर्ड’, म्हणजे दुरुस्तीसाठीची जादा माहिती, जोडता येतो. ५ टक्के ठेवला तर फाइल साधारण तेवढीच फुगते, पण डिस्कचे थोडे सेक्टर (छोटे तुकडे) गेले तरी रीड-सॉलोमनच्या गणितानं हरवलेला भाग परत मिळतो. नुकसान त्याहून मोठं असेल तर मात्र नाही. आणि हो, रार बनवताना रिकव्हरी रेकॉर्डच्या पर्यायावर खूण स्वतः करावी लागते. मी दोन वर्षं केलीच नव्हती! रार उघडणं फुकट, संगणकावर बनवायला ‘विनरार’ या सॉफ्टवेअरचा परवाना चाचणीची मुदत संपल्यावर विकत घ्यावा लागतो.

जेपेग फोटो आधीच दाबलेले, ते दोन्हींत फारसे आटत नाहीत.

म्हणून पाठवायला झिप, कपाटातल्या हार्ड डिस्कवर रार. दुसरी प्रत वर्ध्याला भावाकडे.