चोर्ल्याच्या चढाला आणि लाल चिखलाला: सोरा 9 स्पीड डिस्क रोड सायकल

पुढे 53/39 दातांच्या चेनरिंग, मागे 12-25 दातांची कॅसेट, 23 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि चाकाच्या कडेवर दाबणारे रिम ब्रेक. ही जुनी रोड सायकल सपाट, गुळगुळीत रस्त्यालाच शोभते. बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ल्याला किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकल घालणाऱ्याने ती बदलताना शिमानोचा सोरा गिअरसेट (मागे 9 गिअर), डिस्क ब्रेक आणि 32 च्या टायरला जागा असलेली ॲल्युमिनियम फ्रेम बघावी. वजन थोडं जास्त भरेल, भरू दे.

पहिला फरक चढावर कळतो. मिनिटाला 60 पेडल मारताना जुन्या 39×25 वर (पुढे 39, मागे 25 दात) सायकल ताशी पावणेबारा किलोमीटरने चालवावी लागते. तेवढा दम नसला की पाय जड होतात आणि भार गुडघ्यावर येतो. नव्या 34×32 वर त्याच लयीत ताशी आठनेही चढता येतं. 11 किंवा 12 स्पीडसाठी जादा पैसे मोजायची इथे गरज नाही. त्यांची बारीक चेन 0.5 टक्के ताणली की बदलावी लागते, सोराची 0.75 टक्क्यांपर्यंत चालते. पावसाळ्यात चेन किती भराभर झिजते ते बघता हा फरक खिशाला लागतो.

ब्रेक हे या बदलाचं खरं कारण. आपल्याकडची लाल माती पाण्याबरोबर रिमवर चढते, तिची वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिमची भिंत खरवडते. रिमच्या कडेला बोट फिरवून खोलगट लागलं तर ते चाक संपलं. डिस्क ब्रेकमध्ये झिजतो तो पॅड आणि रोटर (चाकाच्या मध्यावरची धातूची तबकडी), रिम शाबूत राहते.

मात्र या किमतीत बहुतेक केबलवरचे, एकाच बाजूने दाबणारे कॅलिपर (रोटरवर पॅड दाबणारा भाग) येतात. त्यात बाहेरचा पॅड हलतो, आतला स्क्रूवर स्थिर असतो. पॅड झिजले की नुसती केबल ताणण्याची सवय सर्रास दिसते. लिव्हर घट्ट लागतो, पण कॅलिपरचा आर्म आधीच अर्धा वळलेला राहतो, रोटर आतल्या बाजूला वाकतो आणि उतारावर ब्रेक कमी पडतो. बरोबर पद्धत अशी: केबल सैल करून आर्म मूळ जागी येऊ द्या, आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून पॅड रोटरपासून कागदाच्या जाडीइतका लांब आणा, मगच केबल ओढा. पावसासाठी मेटल पॅड जास्त टिकतात. पण रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ (फक्त रेझिनचे पॅड चालतील) असा शिक्का असेल तर रोटरही बदलावा लागेल. घाट उतरण्याआधी सपाटीवर ताशी 20-25 वरून चालण्याच्या वेगापर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबून पॅड बसवून घ्या, चाक लॉक न करता. चेनवर स्प्रे मारताना रोटर झाका. पॅडने तेल प्यायलं की तो फेकूनच द्यावा लागतो.

सत्तर किलोच्या माणसाला 32 च्या टायरमध्ये पुढे 55, मागे 60 पीएसआय पुरे. 23 वर शंभरच्या वर हवा लागायची. गतिरोधकांवर आणि ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडांवर ती हातात झिणझिण्या आणायची. बाभळीचा काटा मात्र रुंद टायरलाही सोडत नाही. दोन ट्यूब जवळ हव्यातच.

जुन्या सायकलीवरून पेडल, सीट आणि बाटलीचे स्टँड काढून घ्या; डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. चाकं उपयोगाची नाहीत: जुना मागचा हब (चाकाचा मधला भाग) 130 मिलिमीटर रुंदीचा, डिस्क फ्रेमला 135 किंवा 142 लागतो. सीटची उंची मात्र सायकल मोडीत काढण्याआधी क्रँक जिथे फिरतो त्या मध्यापासून मोजून लिहून ठेवा.

आणि बिल करतानाच फ्रेमच्या नंबरचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) जादा मागून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हवा तो पार्ट टर्न करून मिळतो, पण सायकल उजवीकडे पडून हँगर वाकला तर तो बनवून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकलेली राहते.