रोमेलचं पुस्तक घ्या, पण नकाशे बघून घ्या

जर्मन अधिकारी एर्विन रोमेलने पहिल्या महायुद्धातल्या आपल्या लढायांवर १९३७ साली पुस्तक काढलं. त्याच्या ‘इन्फंट्री अटॅक्स’ या इंग्रजी भाषांतराची स्वस्त आवृत्ती मी ऑनलाइन मागवली. मी नागपुरात पोरांकडून एसएसबीची, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी करून घेतो, त्यांच्यासाठीच घेतली. मजकूर पूर्ण आहे, बांधणीही बरी आहे. नकाशांची मात्र पार वाट लागली आहे. उंचीच्या रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग झालाय, तुकडी कुठून चढली तो बाण सापडतच नाही.

हे पुस्तक नकाशाशिवाय वाचताच येत नाही. २६ ऑक्टोबर १९१७ ची सकाळ घ्या. इटलीच्या सीमेवरचा मातायूर, १,६४२ मीटर उंच. रोमेल हातरुमाल हलवत एकटा पुढे चालत जातो आणि समोरचे सुमारे दीड हजार इटालियन सैनिक शस्त्रं टाकतात. एवढ्यात मागून मेजरचा हुकूम येतो, परत फिरा. इतके कैदी आले म्हणजे शिखर पडलं, असा मेजरचा समज. ते पडलेलं नाही हे रोमेलला डोळ्यांसमोर दिसतंय. बहुतेक तुकडी परत गेलेली, हाताशी शंभरेक बंदुकवाले आणि सहा मशीनगन. तो थांबत नाही. दुपारी बाराच्या आत शिखर त्याचं. बावन्न तासांत नऊ हजारांवर कैदी. त्याचे मेले सहा. या मोहिमेतल्या कामगिरीसाठी त्याला ‘पूर ल मेरीत’ हे प्रशियाचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं.

हुकूम मोडला की परिस्थिती ओळखली? यावर माझ्या वर्गात पोरं तावातावाने भांडतात, आणि तसंच भांडायला हवं. पण तो उभा होता तिथून काय दिसत होतं, हे कळल्याशिवाय ते भांडण पोकळ. प्रत्येक चकमकीनंतर त्याने स्वतःची निरीक्षणं लिहिली आहेत, तीही जमिनीच्या चढउतारावरच उभी आहेत.

पुढे हाच माणूस हिटलरचा फील्ड मार्शल झाला, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

शेवटी बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात याचीच एक जुनी प्रत मिळाली. पानं पिवळी, पण रेघ न् रेघ स्पष्ट. दुकानदार म्हणाला, "सर, घेऊन जा जी, हे कोणी विचारत नाही." त्यातल्या नकाशावरून आम्ही मैदानात वाळूचा मातायूर केला.

ऑनलाइन घेणार असाल तर आतल्या पानांचे फोटो आधी मागवा. मातायूरचा नकाशा वाचता येत नसेल तर ती आवृत्ती घेऊ नका.