जुन्या गाडीचे पोट नव्याने काळे केलेले दिसले, तर थांबा: माझे २,०२,०७० रुपये कसे गेले

माझ्या गाडीच्या डाव्या रनिंग बोर्डमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, पाणी हिंदकळल्याचा आवाज मी १४ डिसेंबर २०२४ रोजी, पूर्ण पैसे देण्याच्या आधी, स्वतःच्या कानांनी ऐकला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचताना ‘तुम्हाला काहीच कसे कळले नाही?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणार, आणि घरच्यांपासून हवालदारापर्यंत सर्वांनी तो मला विचारून झाला आहे. कळले होते. कळूनही मी ते कानाआड केले.

मी कराडला एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. लोकांनी तारण म्हणून आणलेले कागद आणि दागिने वीस वर्षे तपासतो आहे, त्यामुळे पैशांइतकीच लाजही बोचते. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, तिला एसटीची पायरी चढवत नाही, आणि दवाखान्याच्या प्रत्येक फेरीसाठी दुसऱ्याची गाडी मागताना मलाच कानकोंडे होत असे. नवी गाडी आवाक्यात नव्हती. म्हणून कोल्हापुरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. त्याच्याकडे ऑक्टोबर २०११ ची नोंद असलेली, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक होती. एकच मालक, ५८,००० किलोमीटर, क्रमांक एमएच ०८ चा. गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तेरा वर्षे समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या पत्र्याचा दोष तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. मला त्या क्रमांकाचा उलट आनंद झाला होता. कोकणातला माणूस गाडी जपून वापरतो, फार फिरवत नाही, अशी माझी भाबडी समजूत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बारा महिने खारा वारा, यात लोखंडाचे काय होते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या मामाच्या तिकडच्या घराच्या खिडक्यांचे गज मी लहानपणापासून सडलेले पाहत आलो आहे. गाडीही पत्र्याचीच असते, एवढे त्या दिवशी सुचले नाही.

गाडी सकाळीच धुतलेली होती. विक्रेत्याने ती मागेपुढे घेतली, मी मागच्या सीटवर बसलो होतो, आणि ब्रेक दाबताच दाराखालच्या पत्र्यात कोणीतरी अर्धा भरलेला तांब्या हलवावा तसा ‘डुबुक’ असा आवाज झाला. मी विचारले, हे काय? तो आरशातूनच म्हणाला, “एसीचं पाणी हो सर, साचतंय थोडं.” डिसेंबरचा महिना होता. एसी बंद होता. काचा खाली होत्या आणि मी अंगात स्वेटर घातला होता. एसीचे पाणी पुढच्या बाजूने नळीवाटे थेट रस्त्यावर ठिबकते, ते दाराखाली साचत नाही, हेही मला ठाऊक होते. तरीही मी “असं होय” म्हणालो. हे दोन शब्द मला दोन लाखांना पडले.

त्या दोन शब्दांवरही गोष्ट थांबली नाही. उतरताना मी दाराखाली हात फिरवला, तर बोटाला तांबूस भुकटी लागली आणि नखाएवढा एक कपचा सुटून हातात आला. “कोकणातली तांबडी माती आहे, कितीही धुवा, निघत नाही,” हे उत्तर तयारच होते, आणि उत्तर इतके चपखल होते की मी हसलो. मातीचे ढेकूळ चिमटीत विरघळते. तो कपचा चिमटीत मोडला, आणि मोडल्यावर त्याला खारी बिस्किटासारखे पदर दिसले. मी हात रुमालाला पुसले. वाकून गाडीखाली पाहिले, तर संपूर्ण पोट चकचकीत काळे होते. विक्रेता म्हणाला की मालकाने हौसेने गंजरोधक कोटिंग करून घेतले आहे, आणि मी त्या अनोळखी मालकाचे मनातल्या मनात कौतुक केले. तेरा वर्षांच्या गाडीच्या पोटावर चिखलाचा एक शिंतोडा नाही, डांबराचा वास ताजा आहे, आणि ते कोटिंग रबरी नळ्यांवर आणि बोल्टांवरही सरसकट फवारलेले आहे, तर ते गाडी वाचवण्यासाठी केलेले नसते. गंजावर डांबरी थर दिला की ओल आत कोंडून पत्रा आणखी वेगाने सडतो, पण विक्री होईपर्यंत तेवढी वेळ निभावते.

माझ्या बाजूने एवढेच म्हणेन की मी तपासणी केलीच नाही असे नाही. ७०० रुपये देऊन एक मेकॅनिक बरोबर नेला होता. त्याने इंजिन ऐकले, तेलाची कांडी पाहिली, क्लच पाहिला, गाडी चालवली आणि “इंजिन एक नंबर” असा निर्वाळा दिला, जो आजही खरा आहे. आपल्याकडे गाडी तपासणे म्हणजे इंजिन तपासणे. छोट्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून जे खोके बनते तेच सगळा भार वाहते, आणि दाराखालचा रनिंग बोर्ड ही त्यातली महत्त्वाची पेटी. तिच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने किंवा कोटिंगने बुजली की पाणी आतच राहते, आणि पत्रा आतून बाहेर असा सडत येतो. बाहेरच्या रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतले सगळे संपलेले असते. तुमच्या मेकॅनिकला गाडी रॅम्पवर चढवायला लावा. तो कंटाळा करत असेल, तर रंगकाम करणारा डेंटर न्या, कारण लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कुठे भरली आहे हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

पैशांचा हिशेब असा. सौदा १,८५,००० रुपयांना ठरला. त्यातले १०,००० टोकन म्हणून मोबाइलवरून दिले, १,१५,००० विक्रेत्याने सांगितलेल्या एका नातेवाइकाच्या खात्यात भरले आणि ६०,००० रोख दिले, ज्याची पावती मिळाली नाही. शिवाय विक्रेत्याचे सेवाशुल्क ५,०००, नाव बदलण्याचे ४,५००, विमा ६,८७० आणि मेकॅनिकचे ७००. एकूण २,०२,०७० रुपये. ताबा पावतीवर किंमत १,२५,००० लिहिली होती, आणि ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, तपासून, समाधान झाल्यावर घेतली’ हे वाक्य आधीच छापलेले होते. विकणारा म्हणून रत्नागिरीच्या मालकाचे नाव, घेणारा म्हणून माझे. विक्रेत्याचे नाव कुठेही नाही. आमच्या पतसंस्थेत असा कागद कोणी आणला असता, तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. रोख देऊ नका, आणि द्यावी लागलीच तर ती रक्कम ताबा पावतीवर लिहून घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

९ मार्च २०२५ रोजी, रविवारी, कोल्हापूरहून परत येताना पेठ नाक्याजवळ मागचे चाक पंक्चर झाले. आई गाडीतच होती. तिला उतरवून पंक्चरवाल्याच्या बाकावर बसवले. त्या पोराने जॅक नेहमीच्या जागी लावला आणि दांडा फिरवू लागला. जॅक वर जात होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग पापड मोडावा तसा आवाज झाला, जॅकचे डोके रनिंग बोर्डच्या आत घुसले आणि पोराच्या पायावर तांबड्या भुकटीचा आणि कपच्यांचा ओंजळभर ढीग पडला. तो घाबरून म्हणाला, “काका, मी काही केलं नाही.” पैसे देण्याआधी चारही जॅक लावण्याच्या जागांवर गाडी एकदा उचलून पाहिली असती, तर वीस मिनिटांत सगळे उघडे पडले असते. विक्रेता नको म्हणाला, तर तिथेच निघा.

दुसऱ्या दिवशी कराडच्या एका जुन्या डेंटरने स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याने तो आपटला नाही, नुसता टेकवून दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. दोन्ही रनिंग बोर्डमध्ये फुगणारा फोम भरलेला होता, त्यावर फायबरचे कापड, त्यावर लांबी, त्यावर रंग. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आणि तिच्याखालचा नमदा उचलल्यावर डब्याच्या झाकणाएवढा पातळ पत्रा रिवेट मारून बसवलेला दिसला, आणि त्याच्या कडेने जमिनीचा उजेड येत होता. मागचा ॲक्सल जिथे बॉडीला पकडतो त्या जागेचा पत्रा हाताने हलत होता. “साहेब, ही गाडी रंगावर उभी आहे,” असे म्हणून त्याने सडलेले सगळे कापून नवा पत्रा वेल्ड करण्याचा खर्च ७८,००० रुपये सांगितला, आणि त्यानंतरही मागच्या जागेची खात्री देणार नाही हेही स्पष्ट केले. भंगारवाला २४,००० देतो म्हणाला. एक साधे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराखाली फिरवले असते, तर फोम आणि लांबीवर ते चिकटलेच नसते. असले चुंबक माझ्या टेबलाच्या खणात पडून असते, टाचण्या गोळा करायला.

यापुढचा भाग लिहिताना माझा हात आवरत नाही. कराडच्या पोलीस ठाण्यात मी पडलेले कपचे साखरेच्या पिशवीत भरून नेले होते. ते पाहून हवालदार म्हणाले, “हे उचला आधी, टेबल खराब होतंय.” मग सौदा कोल्हापुरात झाला म्हणून तिकडे जा. कोल्हापूरच्या ठाण्यात सांगितले की पैसे तुम्ही कराडहून भरले, म्हणून तिकडे जा. भारतीय न्याय संहितेतले ३१८ वे कलम फसवणुकीचे आहे, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे, हे मी कागदावर लिहून नेले होते. त्यावर “मग तुम्हीच चालवा ठाणं” हे उत्तर मिळाले. चार फेऱ्यांनंतर ‘बाब दिवाणी स्वरूपाची आहे’ असा शेरा मारून अर्ज निकाली काढण्यात आला. खोटे बोलून, सडलेला पत्रा लपवून, रोख पैसे घेणे ही जर दिवाणी बाब असेल, तर गुन्हा म्हणायचे कशाला?

परिवहन कार्यालयात म्हणाले की आमचा संबंध कागदाशी. ते तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तोवर तिच्या पोटाखाली कोणी सरकारी माणूस बॅटरी घेऊन वाकत नाही, पीयूसीत फक्त धूर मोजतात. परंतु १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे नियमाने बंधनकारक आहे. या विक्रेत्याकडे ते आहे का, एवढा एकच प्रश्न मी विचारला. ‘साहेब मीटिंगला’, ‘सर्व्हर बंद’, ‘सोमवारी या’. शेवटी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज केला. उत्तर आले की अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. मी संकलित माहिती मागितलीच नव्हती, एका माणसाचे हो की नाही मागितले होते. तुम्ही मात्र हे अधिकारपत्र टोकन देण्याआधी मागा, नंतर नव्हे.

विमा कंपनीला फोन केला हा माझा बावळटपणा; झीज आणि गंज पॉलिसीत बसत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि काही दिवसांनी, समोरच्याने प्रतिसाद न दिल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जावे, असे कळवले.

गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. कोल्हापूरला खेटे घालणे वाचले, हाच काय तो दिलासा. विक्रेत्याच्या वकिलाचे म्हणणे, आमचे अशील केवळ मध्यस्थ, गाडी त्यांची नव्हतीच. माझे वकील म्हणाले की त्या सगळ्या कागदांत ५,००० रुपयांच्या सेवाशुल्काची पावती तेवढी कामाची, कारण तिच्यावर विक्रेत्याचा शिक्का आहे आणि पैसे घेऊन सेवा दिली म्हणजे तो जबाबदारीतून सहज सुटत नाही. ती ५,००० ची पावती मी रागाने फाडणार होतो. कायद्यात अशा तक्रारीच्या निकालाला तीन महिने, आणि वस्तूची तपासणी करायची असेल तर पाच महिने सांगितले आहेत. माझ्या पहिल्या दोन तारखा समोरच्याला नोटीस पोहोचली की नाही यात गेल्या, तिसरी वकिलाच्या आजारपणात. तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही आणि भंगारातही जात नाही. डेंटरच्या आवारात ती विटांवर उभी आहे, आणि तो भला माणूस जागेचे भाडे मागत नाही.

मागच्या आठवड्यात विक्रेत्याचा स्वतःहून फोन आला. तक्रार मागे घ्या, गाडी ४०,००० ला परत घेतो, म्हणाला. मी विचारले, घेऊन काय करणार? त्याने त्याचे उत्तर दिलेच नाही. उलट मलाच विचारले, “वरचा रंग तरी शाबूत आहे ना?”

मी नाही म्हणालो, आणि तो क्रमांक, वेळ आणि त्याचे वाक्य वकिलांना लिहून पाठवले.