तीच चाल, पण ३०० वर्षांनी: टीव्हीवरचं जपानी जॅझ म्युझिकल

रविवारी जेवणं झाल्यावर टीव्ही लावला तर जपानी लोककथेवरचं एक जॅझ म्युझिकल नुकतंच सुरू झालेलं, म्हटलं दहा मिनिटं बघू आणि आडवं होऊ, पण मी, आई आणि सातवीतली भाची, तिघीही शेवटपर्यंत जागच्या हललो नाही.

गोष्ट उराशिमा तारोची. हा एक तरुण कोळी, किनाऱ्यावर पोरं एका कासवाला छळत असतात त्याला सोडवतो, मग ते कासव त्याला पाठीवर बसवून समुद्राच्या तळाशी ड्रॅगनच्या महालात घेऊन जातं. तिथे राजकन्या ओतोहिमे, मेजवान्या, नाचगाणी. थोड्या दिवसांनी त्याला घरची ओढ लागते, तेव्हा ती एक पेटी देते आणि बजावते, उघडू नकोस. वर येऊन बघतो तर गावात ३०० वर्षं उलटून गेलेली, ओळखीचं एक माणूस नाही.

आई पटकन म्हणाली, अगं ही तर आपल्या रेवतीची गोष्ट! खरंच की. ककुद्मी राजा रेवतीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं म्हणून जरा थांबतो, आणि तेवढ्यात खाली २७ चतुर्युगं संपतात. गाणं ऐकता ऐकता काळ निसटतो! मला वाटतं म्हणूनच या गोष्टीला जॅझ इतका शोभलाय.

सुरुवातीला तारो जाळं शिवत बसलेला असतो तेव्हा क्लॅरिनेटवर एक साधी चाल येते, गुणगुणता येईल अशी. महालात तीच चाल ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन सगळे मिळून उधळतात, प्रत्येक जण आपापलं काही घालून तिला फिरवून आणतो, आपल्याकडे ख्यालात मुखडा फिरून समेवर येतो ना, तसंच. आणि तो गावी परततो तेव्हा चाल तीच, पण फक्त डबल बासवर (ते उभं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य), सावकाश, मधेमधे सूर गाळलेले. ३०० वर्षं गेली हे कुणी तोंडाने सांगतच नाही. पेटी उघडल्यावर धूर निघतो तिथे तर नुसता ड्रमवर ब्रश फिरल्याचा आवाज, सुपात धान्य पाखडल्यासारखा, आणि तारोचे केस पांढरे. अंगावर काटा आला.

कासव आणि ओतोहिमे, दोघींची गाणी एकाच गायिकेने गायलीत हेही फार आवडलं, कारण इ.स. ७२० च्या 'निहोन शोकी' या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात ते कासवच बाई होतं आणि हा तिच्याशी लग्न करतो.

जॅझ आपला नाही असं म्हणणाऱ्यांनी तर नक्की बघा. १९५१ च्या 'अलबेला'त चितळकर अण्णांनी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या ट्रंपेटवाल्याला घेऊन काय बहार उडवलेली! बाबा मला शाळेत असताना मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा या महोत्सवाला घेऊन गेलेले, ती १९७८ साली सुरू झालेली, उघड्यावरच्या त्या कार्यक्रमात बासचा आवाज पोटात घुमायचा तो मला या शेवटच्या प्रसंगात परत मिळाला.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. महालातला भाग लांबलाय, माशांचा नाच दोनदा कशाला. सबटायटल पांढऱ्या अक्षरात आणि मागे पांढरा फेस, आईला काही वाचता येईना, भाचीने मोठ्याने वाचून दाखवलं. आणि चॅनलवाल्यांनी ऐन पेटी उघडायच्या वेळी जाहिराती घातल्या, याचा मला खरंच राग आला, इतकं जमून आलेलं तुटलं.

तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार. परत लागलं तर टीव्हीच्या स्पीकरवर विसंबू नका, त्यावर डबल बास निम्मा ऐकूच येत नाही, मोठा स्पीकर जोडा नाहीतर हेडफोन लावा, निदान तो पाण्यातून वर येतो तिथपासून तरी.