शिडाच्या बोटीचं काम उद्यमबागेत? होतंय की!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपला चार स्टार. पाचवा का नाही ते खाली येईलच.

मी मूळचा शहापूरचा, सध्या मुक्काम मलेशियात लंकावी बेटावर. तिथल्या बोटदुरुस्तीच्या यार्डात आमची 36 फुटी जुनी शिडाची बोट टेकू लावून जमिनीवर उभी आहे आणि मी न् बायको त्याच बोटीत राहून तिचं काम करालोय, म्हणजे घरात जायचं तर शिडी चढायची, बेसिनमध्ये पाणी सोडायचं नाही, आणि दुपारी आत बसलं की घाम पुसायला टॉवेल पुरत नाही. हौस दुसरं काय. बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग चालवणार कुठं, राकसकोपला?" (म्हणजे गावाजवळच्या धरणात). या वर्कशॉपमध्ये पण तेच झालं, पण हसून झाल्यावर वर्कशॉपवाल्या अण्णांनी ड्रॉइंग मागितलं, आणि तिथंच मला माणूस पटला.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यू वाचून काही कळणार नाही. डोलकाठी बोटीवर नुसती उभी राहत नाही, तिला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या वायरींनी ताणून धरलेलं असतं आणि त्या वायरी खाली बोटीच्या अंगाला ज्या जाड पट्ट्यांनी बांधलेल्या असतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. पट्टी तुटली की डोलकाठी शिडासकट पाण्यात. वायर साधारण 10-12 वर्षांनी सगळेच बदलतात कारण ती डोळ्यासमोर असते, पट्टीकडे कोण बघत नाही कारण तिचा अर्धा भाग डेकच्या खाली लपलेला असतो. आमच्या पट्ट्या बोट बांधली तेव्हाच्याच, वरून अशा चकचकीत की तोंड दिसावं.

तर त्या जुन्या पट्ट्या नमुना म्हणून बॅगेत घालून आणल्या होत्या. अण्णांनी हातात घेऊन फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "ओ साहेब, याचंच माप घेऊन नवीन करायचं ते करूया की, पण आधी डीपी मारून बघूया." डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट, डोळ्याला न दिसणारी चीर दाखवणारा रंग, फौंड्रीवाल्यांच्या (धातूचं ओतकाम करणाऱ्यांच्या) गावात हा स्प्रे कुणाच्याही कपाटात मिळतो. पट्टी घासून पुसून त्यावर लाल रंग मारला, दहा मिनिटं तशीच ठेवली, चहा झाला, मग फडक्याने लाल सगळं पुसून काढलं, एकदम स्वच्छ, आणि वरून पांढरी पावडर मारली. आधी काहीच नाही. मग बरोबर जिथं पट्टी डेकमधून आरपार जायची त्या दोन बोटं रुंदीच्या भागात केसाएवढी लाल रेघ, म्हणजे तडा, उमटायला लागली, एका कडेपासून आत सरकत सरकत जवळजवळ मध्यापर्यंत आली. शेजारी लेथवर काम करणारा पोरगा पण मशीन बंद करून बघायला आला. अण्णा एवढंच म्हणाले, "यावर समुद्रात जात होतासा व्हय?"

असं का होतं तर स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साईडचा एक पातळ थर असतो, तोच त्याला गंजू देत नाही, आणि तो थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकमधलं सीलंट म्हातारं झालं की खारं पाणी आत झिरपतं आणि तिथंच साचून राहतं, तिथं ऑक्सिजन पोचत नाही, थर फुटतो आणि गंज आतल्या आत पोखरत जातो. वर बारा महिने तिथली उष्ण हवा, मग काय बघायलाच नको. म्हणून वरचं चकचकीत बघून कुणी फसू नका.

आता मटेरियल. इथं मी आधीच अडून बसलो होतो की स्टेनलेसचा 316एल ग्रेडच पाहिजे, 304 नको. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते 304 मध्ये नसतं, आणि खाऱ्या पाण्यात सगळा फरक तिथंच पडतो. आपल्याकडे बरेच जण लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही की "ओरिजिनल आहे" म्हणून खुश होतात, पण 304 पण चिकटत नाही आणि 316 पण, चुंबकाने यातलं काहीही कळत नाही. अण्णांनी वाद घातला नाही. पट्टी आणली, कोपऱ्यातला तुकडा कापून स्पेक्ट्रोला (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या तपासणीला) पाठवला, संध्याकाळी रिपोर्ट हातात, मॉली म्हणजे मॉलिब्डेनम 2 टक्क्यांच्या वर. ही सोय लंकावीत मला सहज मिळाली नसती, इथं फौंड्र्यांमुळे टेस्ट लॅब जवळच. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो.

कापायचं काम बाहेर लेझरवर करून आणलं, पण भोकं लेझरने पूर्ण मापाला नाही मारली. बोट जुनी अमेरिकन, सगळं इंचात, वायर पट्टीला अडकवायची पिन अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. साडेबारा केलं तर पिन जात नाही, तेरा केलं तर ढिली पडून भोक खात बसते. त्यांनी 12 चं भोक ठेवून नंतर रीमर (भोक अचूक मापाला आणायचं हत्यार) फिरवून मापात आणलं, माझ्यासमोर पिन घातली, हाताने जाते आणि हलत नाही, याला म्हणतात फिटिंग. वरचा किंचित बाक वायरीच्या कोनात पाहिजे असतो, त्यासाठी मी प्लायवूडचा साचा नेला होता, त्यावर लावून बघत बघत प्रेसवर वाकवलं आणि वाकवून झाल्यावर पुन्हा डीपी मारली, हे मी सांगितलंही नव्हतं. आणखी एक गोष्ट, स्टेनलेससाठी त्यांच्याकडे ग्राइंडिंगची चाकं वेगळी डब्यात ठेवलेली असतात. लोखंडावर फिरवलेलं चाक स्टेनलेसवर फिरवलं की लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि महिनाभरात तांबडे ठिपके येतात. हे कळणारा माणूस मला परदेशातल्या यार्डात पण सगळीकडे भेटला नाही.

सुकाणूच्या खालच्या टोकाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, पण करून घेतला. अण्णा म्हणाले नायलॉन टाकूया, कारखान्याच्या कामाला तेच देतो (कारखाना म्हणजे अर्थात साखर, दारातच कुठल्यातरी मिलचे मोठे रोलर येऊन पडले होते). मी म्हटलं अण्णा, नायलॉन पाणी पिऊन फुगतो, सुकाणू जाम होईल, पितळ दिलं तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि नुसता ठिसूळ तांबूस सांगाडा राहतो. मग 85-5-5-5 च्या (तांबं 85, कथील, शिसं आणि जस्त 5-5 टक्के) गनमेटलवर ठरलं. छान झाला, जास्त लिहीत नाही.

आता तक्रारी. तारीख. दिलेली तारीख ही फक्त मनाच्या समाधानासाठी असते. मधे गणपती आले, आणि बेळगावचा गणपती म्हणजे अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणार, मग कामगार येणार कधी आणि मशीन सुरू होणार कधी. पण तसं फोन करून सांगायचं ना, तिकडे यार्डात बोट उभी आहे तोवर भाड्याचं मीटर चालूच असतं. दुसरं, पहिल्या खेपेला कडा तशाच धारदार ठेवल्या होत्या, चॅम्फर नाही म्हणजे कडा तिरक्या घासून मोडलेल्या नाहीत, बफिंगचा काळा मेण कोपऱ्यात तसाच. पॉलिश ही नुसती शोभा नाही, जेवढा पृष्ठभाग गुळगुळीत तेवढ्या मीठ धरून बसायच्या जागा कमी, हे सांगितल्यावर परत करून दिलं. एका पट्टीवर तर पोराने नंबरचा पंच भोकाच्या अगदी जवळ ठोकला होता, जिथं सगळा ताण येतो तिथंच. अण्णांनी ती पट्टी बाजूला फेकली आणि नवीन केली, पैसे नाही घेतले. पोराला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. (बोर्ड कन्नडात, बिल इंग्रजीत, शिव्या मात्र शुद्ध मराठीत.)

पैसे: लंकावीतल्या एका फॅब्रिकेटरने जो आकडा सांगितला होता त्याच्या निम्म्यापेक्षा कमीत झालं, स्पेक्ट्रो, बफिंग, पॅसिव्हेशन (तो संरक्षक थर नीट बसावा म्हणून ॲसिडने धुणं) सगळं धरून. एकेक पट्टी सव्वा किलोच्या आसपास, आठ पट्ट्या म्हणजे दहा किलो, चेक-इन बॅगेत कपडे कमी आणि लोखंड जास्त. सांबरा विमानतळावर स्कॅनरवर बॅग उघडायला लावली, "हे काय आहे" विचारलं, बिल दाखवल्यावर सोडलं. लंकावी 1987 पासून ड्यूटी फ्री, तिकडे कुणी काही विचारलं नाही.

पट्ट्या आता बसल्यात. डेकची जुनी भोकं मोठी करून आतलं कुजलेलं बाल्सा लाकूड खरवडून इपॉक्सी भरलं आणि त्यातून नवीन भोकं मारली, म्हणजे पुढे पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत जाणार नाही. ते काम पहाटेच करावं लागतं, कारण दहा डिग्री गरमी वाढली की इपॉक्सीचा वेळ निम्मा होतो, दुपारी डब्यातच दगड.

कुणाला जायचं असेल तर: तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे खानापूर रोडने उद्यमबागेत शिरा, मापं मिलिमीटर आणि इंच दोन्हीत लिहून न्या, जुना नमुना असेल तर तो नक्की न्या. बिलावर ग्रेड आणि हीट नंबर (स्टील कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा नंबर) लिहून घ्या, मागितल्याशिवाय कोण लिहीत नाही. दुपारी 1 ते 2 जेवणाची सुट्टी, गेट बंद असतं. आणि फोन लावत बसू नका, मशीनच्या आवाजात त्यांना ऐकूच येत नाही, व्हॉट्सॲपवर फोटो टाका, रात्री जेवून झाल्यावर उत्तर येतंय.