नॅलोक्सोन ट्रेनिंग, हर्णै: काम भारी, भाषणं आवरा

आमच्या मंडळाने, मेडिकलवाल्याने आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनी मिळून ठेवलेलं नशेच्या ओव्हरडोसचं ट्रेनिंग केलं, फुकट होतं. नॅलोक्सोन म्हणजे ओव्हरडोसमध्ये बंद पडत चाललेला श्वास परत आणणारं औषध. आधी सत्कार, शाल-नारळ, भाषणं, त्यातच अर्धा वेळ गेला राव. पण सिस्टर बोलायला लागल्या आणि मागे बसलेले खलाशी पण मोबाईल खिशात टाकून ऐकायला लागले. ओठ निळे, श्वास अगदी मंद, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, हलवून पण उठत नाही, असं दिसलं की आधी १०८ लावायचा, तोंडाने श्वास द्यायचा, श्वास चालू झाला की कुशीवर वळवायचं. नॅलोक्सोन फक्त ब्राऊन शुगर, मॉर्फीनसारख्या अफूवर्गातल्या नशेवरच चालतं, दारूवर नाही (हा प्रश्न आलाच, कोकण आहे शेवटी). आणि माणूस उठून बसला तरी सोडायचा नाही, कारण औषध ३० ते ९० मिनिटांत उतरतं आणि श्वास परत बंद पडू शकतो. हे कोणी सांगत नाही हो!

खटकलं एवढंच, की अमेरिकेत २०२३ पासून ४ मिलिग्रॅमचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, आपल्याकडे इंजेक्शन, ते पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर. मग शिकून घरात ठेवायचं काय? मेडिकलवाला म्हणाला दवाखान्यात साठा राहील एवढं बघतो, बघू. पाचपैकी चार. पुढचं शिमग्यानंतर आहे, बोटीवाल्यांनी तरी जाच.