दाताच्या मुळाचं दुखणं: साधा एक्स-रे की सीबीसीटी?

दादरच्या दवाखान्यात रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा ठणकते म्हणून गेलात, तर आधी छोटा एक्स-रेच निघतो. सेन्सर तोंडात, दोन मिनिटांत चित्र. स्वस्त, किरणोत्सर्गही नगण्य. कीड किती खोल, मुळाच्या टोकाशी पू आहे का, हे बहुतेकदा त्यातच कळतं.

अडचण एकच, पण मोठी: ती सपाट सावली असते. वरच्या पहिल्या दाढेला सहसा ३ मुळं, त्यातल्या एका मुळात अनेकदा चौथी नलिका (नस असलेली बारीक पोकळ वाट) दडलेली. सगळं एकमेकांवर चढतं; सकाळच्या विरार लोकलमध्ये माणसं मोजण्यासारखंच! सीबीसीटीत, म्हणजे दात-जबड्याच्या ‘कोन-बीम’ सीटी स्कॅनमध्ये, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि त्रिमितीय चित्र तयार होतं. मग रूट कॅनालमध्ये राहून गेलेली नलिका, मुळाची झीज, हाडातला पोकळ भाग काप-काप करून पाहता येतो.

पण दाढेवर धातूची कॅप असेल तर चित्रात पट्टे उमटतात आणि नसलेली चीरही दिसल्यासारखी वाटते. किरणोत्सर्ग आणि खर्चही जास्त. त्यामुळे पहिल्याच भेटीत कुणी स्कॅन सुचवला, तर मी आधी ‘कशासाठी?’ विचारेन. जुनी ट्रीटमेंट फसली असेल, तर मात्र छोट्या भागाचाच सीबीसीटी काढून घेईन.